पुढचा लेख नक्की कुठला? वेबसाइटवर शेजारचे लेख कोडमधून शोधण्याची पद्धत

गोव्यातल्या जत्रा-उत्सवांवरचे मराठी लेख एका जागी ठेवणारी एक छोटीशी वेबसाइट मी फोंड्यात बसून सांभाळतो. नोकरी वेगळी, हे हौसेचं काम. प्रत्येक लेखाखाली ‘मागचा लेख’ आणि ‘पुढचा लेख’ असे दोन दुवे होते. थीमने, म्हणजे साइटच्या तयार साच्याने, फुकटात दिलेले, त्यामुळे मी त्यांच्याकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. मग एका संध्याकाळी वाळपईहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. त्यांची वाचायची रीत साधी आहे: पहिल्या लेखापासून सुरुवात करायची आणि ‘पुढचा लेख’ दाबत शेवटापर्यंत जायचं.

‘‘चवथीचेर चवदा लेख आसात म्हण तूं सांगतालो. म्हाका एकूच मेळ्ळो. हेर खंय गेले रे?’’

चवथीवरचे, म्हणजे गणेशचतुर्थीवरचे, चौदाही लेख साइटवर होते. यादीत दिसत होते, शोधलं की सापडत होते. पण ‘पुढचा’ दाबत चालणाऱ्या माणसाच्या वाटेवर त्यांतला एकच येत होता. उरलेले तेरा कुणाचेच शेजारी नव्हते.

पुढे जे लिहिलंय ते ही चूक शोधताना आणि निस्तरताना शिकलेलं. माझी साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या प्रणालीवर आहे म्हणून मुख्य उदाहरणं त्यातली. ड्रुपल, जँगो, ह्युगो या दुसऱ्या प्रणालींबद्दल जाता जाता सांगेन. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि मधल्या अधोरेषांसकट करायची.

आधी चालून पाहा, मग हात लावा

दुरुस्ती करण्याआधी बिघाड किती मोठा आहे ते मोजा. मी केलं ते असं. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती सर्वांत जुन्या प्रकाशित लेखापासून निघते, त्याचा ‘पुढचा’ शोधते, मग त्याचा पुढचा, आणि काहीच मिळेनासं झालं की थांबते. वाटेत भेटलेला प्रत्येक आयडी, म्हणजे लेखाचा डेटाबेसमधला क्रमांक, वहीत टिपते, आणि टिपलेलाच आयडी पुन्हा भेटला तरीही थांबते. ही दुसरी अट विसरू नका, नाहीतर कुठे गोल फेरा बसला असेल तर स्क्रिप्ट रात्रभर फिरत राहील.

मग दोन आकडे शेजारी मांडायचे: वाटेत भेटलेले लेख आणि डेटाबेसमधले एकूण प्रकाशित लेख. माझे आकडे होते 199 आणि 212. फरक बरोबर तेराचा. मास्तरांचा हिशेब चोख होता.

हीच चाल उलट्या दिशेनेही करा, शेवटच्या लेखापासून ‘मागचा’ घेत. जाताना आणि येताना भेटलेली यादी तंतोतंत उलटी असायला हवी. नसेल तर ‘अ’चा पुढचा ‘ब’ आहे, पण ‘ब’चा मागचा ‘अ’ नाही अशी गत कुठेतरी आहे. वाचक एक पाऊल पुढे जाऊन परत यायला बघतो आणि भलत्याच लेखावर उतरतो. ही चूक नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही.

वर्डप्रेस आतून काय करतं

शेजारी शोधण्याचं काम वर्डप्रेसमध्ये गेट_ॲडजेसंट_पोस्ट हे फंक्शन करतं. गेट_प्रीव्हियस_पोस्ट आणि गेट_नेक्स्ट_पोस्ट ही त्याचीच दोन तोंडं. थीममध्ये दिसणारं द_पोस्ट_नॅव्हिगेशन हे त्यावर चढवलेलं बाहेरचं वेष्टन, दुवे सजवून छापणारं. मूळ फंक्शन चार गोष्टी घेतं: त्याच वर्गातला लेख हवा का, कुठले वर्ग वगळायचे, मागचा हवा की पुढचा, आणि वर्गीकरण कुठलं, जे न सांगितल्यास कॅटेगरी धरलं जातं.

आतली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सोपी आहे. सध्याच्या लेखाच्या प्रकाराचेच, प्रकाशित असलेले लेख घ्या. ज्यांची तारीख सध्याच्या तारखेपेक्षा मोठी आहे तेवढे ठेवा. तारखेच्या चढत्या क्रमाने लावा. पहिला उचला. ‘मागचा’ हवा असेल तर तारीख लहान आणि क्रम उतरता.

मेख ‘पेक्षा मोठी’ या शब्दांत आहे. 2023 साली चवथ 19 सप्टेंबरला आली होती. त्या वर्षी एका स्मरणिकेतले चौदा लेख मी एकाच एक्सेल फाइलमधून चढवले. फाइलमध्ये फक्त तारीख होती, वेळ नव्हती. म्हणून चौदाही लेखांवर 19 सप्टेंबर, रात्रीचे 00:00:00 असा शिक्का बसला. आता त्यांतल्या कुठल्याही लेखावर उभं राहून ‘माझ्यापेक्षा मोठ्या तारखेचा लेख दे’ म्हटलं की बाकीचे तेरा बाद, कारण ते मोठे नाहीत, सारखे आहेत. क्वेरी थेट पुढच्या तारखेवर उडी मारते. मागून येणाऱ्या वाचकालाही चौदांतला एकच भेटतो, आणि तो कुठला हे डेटाबेसच्या मर्जीवर.

वर्डप्रेसमध्ये बरीच वर्षं ही तुलना नुसत्या तारखेवर होत होती. तुमच्या आवृत्तीत काय आहे हे वाचून ठरवू नका, करून पाहा: चाचणीच्या साइटवर तीन लेख एकाच सेकंदाचे बनवा आणि पहिल्यापासून चालत सुटा. तिन्ही भेटले तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे.

बरोबरी फोडायची

रांगेत दोन माणसं एकाच क्रमांकाची असून चालत नाही. तारखा सारख्या असतील तर दुसरा निकष लागतो, आणि तो कधीच सारखा नसणारा हवा. आयडी तसा आहे. शीर्षक नाही, ‘जत्रेच्या आठवणी’ नावाचे दोन लेख माझ्याकडेच आहेत.

पुढचा लेख शोधणारी दुरुस्त क्वेरी अशी दिसते (प्रकार, स्थिती, तारीख ही नावं इथे समजायला मराठीत ठेवली आहेत, टाइप करताना टेबलातली खरी नावं घाला):

सिलेक्ट आयडी फ्रॉम पोस्ट्स
व्हेअर प्रकार = ‘पोस्ट’ अँड स्थिती = ‘पब्लिश’
अँड ( तारीख > सध्याची_तारीख
ऑर ( तारीख = सध्याची_तारीख अँड आयडी > सध्याचा_आयडी ) )
ऑर्डर बाय तारीख चढती, आयडी चढता
लिमिट 1

मागच्या लेखासाठी दोन्ही ‘मोठं’ची ‘लहान’ होतात आणि ऑर्डर बायमधले दोन्ही ‘चढते’ ‘उतरते’ होतात. एकूण चार बदल. घाईत हमखास होणारी चूक म्हणजे तुलना उलटवायची आणि क्रम उलटवायचा राहून जायचा. तिचं लक्षण पक्कं आहे: कुठल्याही लेखावर ‘मागचा’ दाबला की साइटवरचा सर्वांत पहिला लेख उघडतो. असं दिसलं तर बाकी काही तपासू नका, ऑर्डर बाय बघा.

तारीख आणि आयडी कंसात एकत्र घालून एकदम तुलना करण्याची आखूड रीतही आहे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटच्या नव्या आवृत्त्या ती ओळखतात. पण मायएसक्यूएल तशा तुलनेत इंडेक्सचा, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीचा, नीट वापर करेलच असं नाही. म्हणून मी वरची लांब रीतच ठेवली.

आता हे वर्डप्रेसमध्ये घालायचं कुठे? दोन वाटा आहेत. पहिली फिल्टरची, म्हणजे वर्डप्रेसच्या कामात मधेच आपला बदल घालायच्या सोयीची. गेट_नेक्स्ट_पोस्ट_व्हेअर आणि गेट_नेक्स्ट_पोस्ट_सॉर्ट, तसेच प्रीव्हियसचे दोन, अशा चार फिल्टरांतून क्वेरीचे तुकडे बदलता येतात. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक तोडगे हेच करतात: व्हेअरच्या मजकुरात तारखेची तुलना शोधायची आणि तिच्या जागी आपली घालायची. मीही आधी तेच केलं होतं. पण हे म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यातला शब्द खोडून आपला लिहिणं. वर्डप्रेसने उद्या त्या वाक्याची रचना जरा बदलली की तुमचा शोधलेला शब्द सापडत नाही, बदल होत नाही, आणि चूकही दिसत नाही. सगळं मुकाट्याने जुन्या पद्धतीवर जातं.

दुसरी वाट स्वतःचं फंक्शन लिहायची, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. चाइल्ड थीममध्ये किंवा त्याहून बरं म्हणजे एका छोट्या प्लगइनमध्ये वीस-पंचवीस ओळींचं फंक्शन लिहा. ते लेखाचा आयडी आणि दिशा घेईल, वरची क्वेरी डब्ल्यूपीडीबी या वर्डप्रेसच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या साधनातून चालवेल आणि मिळालेला आयडी परत देईल. तारीख आणि आयडी क्वेरीत घालताना प्रिपेअर हे मूल्यं सुरक्षितपणे बसवणारं फंक्शन वापराच. ‘आपलाच तर डेटा आहे’ म्हणून ते टाळू नका. प्लगइन अशासाठी, की थीम बदलली तरी हे टिकतं.

या क्वेरीसाठी नवा इंडेक्स करायची गरज पडत नाही. वर्डप्रेसच्या पोस्ट्स टेबलावर टाइप_स्टेटस_डेट नावाचा इंडेक्स पहिल्यापासून असतो आणि त्यात प्रकार, स्थिती, तारीख आणि आयडी याच क्रमाने बसवलेले असतात. म्हणजे आयडीने बरोबरी फोडणं आपल्याला जवळजवळ फुकटात पडतं. ऑफसेट वापरून ‘सगळे लेख लाव, मग अमुक सोडून पुढचा दे’ असं मात्र करू नका. सोडायचे लेखही डेटाबेसला मोजत जावे लागतात, आणि मधे एखादा नवा लेख आला की मोजणी एकाने सरकते.

अडखळायच्या जागा

परतीचं मूल्य. शेजारी मिळाला नाही तर मूळ फंक्शन रिकामी स्ट्रिंग देतं, आणि सध्याचा लेखच ठाऊक नसेल तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’ असं मूल्य. तुम्ही फक्त नल तपासलात तर शेवटच्या लेखावर ‘पुढचा लेख’ असा मोकळा, कुठेच न जाणारा दुवा छापला जाईल. रिकामं आहे का, एवढंच विचारा. दोन्ही बाबी त्यात येतात.

सध्याचा लेख कुठला. मूळ फंक्शन ग्लोबल पोस्टवर, म्हणजे वर्डप्रेसने त्या क्षणी ‘चालू’ म्हणून धरलेल्या लेखावर, भिस्त ठेवतं. लेखाच्या मधे तुम्ही ‘संबंधित लेख’ अशी वेगळी यादी फिरवली आणि शेवटी डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा म्हणायला विसरलात, तर सध्याचा लेख म्हणजे त्या यादीतला शेवटचा लेख. खाली शेजारी दिसतात ते त्याचे. स्वतःच्या फंक्शनला आयडी हाताने देण्याचा हाही एक फायदा.

खाजगी लेख. तुम्ही लॉगिन असाल आणि तुम्हाला खाजगी लेख वाचायचा अधिकार असेल, तर मूळ फंक्शन तेही शेजारी म्हणून धरतं. वाचकाला दिसणारी रांग वेगळी, तुम्हाला दिसणारी वेगळी. चाचणी नेहमी खाजगी विंडोत, लॉगिन न करता.

वेळेचा पट्टा. साइट सुरुवातीला जागतिक वेळेवर असेल आणि नंतर तुम्ही कोलकाता निवडलं असेल, तर आधी साठवलेली पोस्ट_डेट तशीच राहते, ती साडेपाच तासांनी सरकत नाही. एकाच दिवशीचे थोडे लेख जुन्या हिशेबाने आणि थोडे नव्याने असले की क्रम गडबडतो. इम्पोर्ट करण्याआधी पट्टा बघून घ्या. आणि शक्य तर फाइलमध्ये वेळही भरा. मी आता एकेका मिनिटाच्या फरकाने भरतो, म्हणजे स्मरणिकेतला मूळ अनुक्रमही टिकतो.

‘त्याच वर्गातला’ म्हणजे काय

हा भाग मला सर्वांत फसवा वाटला. ‘त्याच वर्गातला लेख हवा’ असं सांगितलं की वर्डप्रेस सध्याच्या लेखाचे सगळे वर्ग घेतं आणि त्यांपैकी कुठलाही एक ज्याच्याशी जुळतो तो शेजारी धरतं. लेख एकाच वर्गात असेल तर प्रश्न नाही. पण समजा पहिला लेख ‘जत्रा’ वर्गात आहे. दुसरा जत्रेत होणाऱ्या नाटकांवर आहे, म्हणून ‘जत्रा’ आणि ‘नाटक’ दोन्हीत. तिसरा फक्त ‘नाटक’मध्ये. गोव्यात जत्रा आणि नाटक वेगळे काढणंच कठीण, तेव्हा असे दुहेरी लेख माझ्याकडे पुष्कळ. पहिल्यावरून पुढे गेलं की दुसरा. दुसऱ्यावरून पुढे गेलं की तिसरा. वाचक जत्रा वाचत निघाला होता आणि दोन पावलांत रंगमंचावर पोचला. पुढे त्याला जत्रेवरचा लेख भेटेलच याची खात्री नाही.

यावर दोन उपाय. प्रत्येक लेखाला एक मुख्य वर्ग ठरवून द्यायचा आणि शेजारी फक्त त्यावरून शोधायचे. किंवा वाचक कुठल्या वर्गाच्या यादीतून आला ते दुव्याबरोबर पुढे पाठवत राहायचं. दुसरा उपाय वाचकाच्या दृष्टीने जास्त खरा आहे, पण एकाच लेखाचे अनेक पत्ते तयार होतात आणि कॅशेचा, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या पानांच्या साठ्याचा, व्याप वाढतो. मी मुख्य वर्गावर समाधान मानलं.

तारीख हीच रांग असते का?

बातम्यांच्या साइटवर असते. माझ्या साइटवर ती नसावी, हे मला बरोबरी फोडून झाल्यावर कळलं. 212 पैकी 212 लेख भेटू लागले, पण शिरगावच्या लईराई जत्रेनंतर ‘पुढचा लेख’ म्हणून साखळीतल्या विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा येत होती, निव्वळ मी ते लेख लागोपाठ लिहिले म्हणून. वाचकाला माझ्या लिहिण्याच्या क्रमाशी काय देणंघेणं? त्याला वैशाखानंतर आषाढ हवा, आषाढानंतर श्रावण.

म्हणून रांगेला स्वतःचा क्रमांक द्यायचा ठरवलं. पहिली कल्पना तिथीवरून अंक बनवायची. महिन्याचा क्रमांक गुणिले शंभर, अधिक तिथी. शुद्ध पक्ष 1 ते 15 आणि वद्य 16 ते 30. लईराई वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे 205. माशेलचा चिखलकालो आषाढ शुद्ध द्वादशीला, 412. नार्व्याची गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, 523. चवथ 604, त्रिपुरारी 815, कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीला म्हणून 1105, मंगेशीची माघ पौर्णिमेला म्हणून 1115. देखणी पद्धत. एका संध्याकाळी बसवली.

आणि दिवाडीच्या बोंदेराम या उत्सवाने ती मोडली. बोंदेराम ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. त्याला तिथी नाही. सांजाव या सणाचंही तेच, ठरलेला 24 जून. गोव्याचं वर्ष दोन पंचांगांवर चालतं आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. 2024 मध्ये बोंदेराम 24 ऑगस्टला होता आणि गोकुळाष्टमी 26 ला. 2025 मध्ये अष्टमी ऑगस्टच्या मध्यावरच उरकली आणि बोंदेराम 23 ला आला. दिवाडी आणि नार्वे यांच्यात फक्त फेरीबोटीचं अंतर, पण कोण आधी आणि कोण नंतर हे दर वर्षी पाहूनच सांगायचं.

तेव्हा कायमचा अंक विसरलो. आता प्रत्येक लेखाला ‘यंदाची तारीख’ असं एक फील्ड आहे. जानेवारीत पंचांग आणि कॅलेंडर घेऊन एकदा बसायचं आणि ते भरायचं. मग एक स्क्रिप्ट सगळे लेख त्या तारखेने लावून त्यांना 10, 20, 30 असे क्रमांक देते. दहा-दहाचं अंतर अशासाठी, की वर्षाच्या मधेच नवा लेख आला तर 25 देऊन घुसवता येतो.

हा क्रमांक ठेवायचा कुठे, याला महत्त्व आहे. मेटा फील्डमध्ये, म्हणजे लेखाला जोडलेल्या जादा रकान्यात, ठेवला तर वर्डप्रेस तो मजकूर म्हणून साठवतं, आणि मजकूर म्हणून ‘100’ हे ‘20’च्या आधी येतं. क्वेरीत त्याचं संख्येत रूपांतर करावं लागतं, शिवाय दुसऱ्या टेबलाशी जॉइन. त्यापेक्षा पोस्ट्स टेबलातच मेन्यू_ऑर्डर नावाचा पूर्णांकाचा कॉलम आहे, सहसा पानांसाठी वापरला जाणारा. लेखांसाठीही तो वापरता येतो. संपादन पानावर रकाना दिसावा म्हणून ॲड_पोस्ट_टाइप_सपोर्टमधून पेज-ॲट्रिब्यूट्स चालू करायचे. फक्त लक्षात ठेवा, ज्या लेखांना क्रमांक दिलेला नाही त्या सगळ्यांचा मेन्यू_ऑर्डर शून्य असतो. म्हणजे पुन्हा तीच बरोबरी! आयडीने फोडायची अट इथेही तशीच ठेवा, फक्त तारखेच्या जागी मेन्यू_ऑर्डर लिहा. क्वेरीचा सांगाडा बदलत नाही.

शीर्षकांच्या अकारविल्ह्याप्रमाणे रांग लावणार असाल तर एक सूचना. युनिकोडमध्ये ळ हा लगेच लनंतर बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो हच्या पुढे येतो. आणि ‘ॲ’ युनिकोडच्या क्रमात पार हच्याही नंतर जाऊन पडतो. नुसत्या कोडप्रमाणे लावलेली यादी मराठी माणसाला चुकीची वाटेल. तिथेही क्रमांकाचा कॉलम हाच निर्धोक मार्ग.

कॅशे: शेजाऱ्याच्या घरचा बदल

सगळं नीट झाल्यावर मी नवा लेख टाकला. नव्या लेखाखाली ‘मागचा’ बरोबर होता. मागच्या लेखावर गेलो तर तिथे ‘पुढचा’ नाहीच. कारण ते पान आठवड्यापूर्वी तयार होऊन कॅशेत बसलं होतं, तेव्हा तो शेवटचाच लेख होता.

लेख प्रकाशित झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या लेखांची पानं शिळी होतात. काढून टाकला तरी तेच. आणि तारीख किंवा क्रमांक बदलला तर पाच पानं: जुने दोन शेजारी, नवे दोन, आणि तो लेख स्वतः. जुने शेजारी बदल साठवण्याआधी शोधायला लागतात, नंतर ते कळायचा मार्ग उरत नाही. प्री_पोस्ट_अपडेट हा हुक, म्हणजे ठरल्या क्षणी आपला कोड चालवायची खुंटी, साठवण्याआधी चालतो. तिथे जुन्या शेजाऱ्यांचे आयडी टिपून ठेवा. सेव्ह_पोस्टमध्ये नवे शोधा आणि सगळ्यांची कॅशे पुसा. नियोजित लेख ठरल्या वेळी आपोआप प्रकाशित होतो, तेव्हा स्थिती बदलल्याचा ट्रान्झिशन_पोस्ट_स्टेटस हा हुकही पकडा.

जानेवारीत सगळे क्रमांक नव्याने लागतात तेव्हा ही बारीक मोजदाद करत बसू नका. अख्खी कॅशे पुसून टाका आणि चहा प्यायला जा.

दुसऱ्या प्रणालींत

जँगोमध्ये तारखेच्या फील्डवर गेट_नेक्स्ट_बाय आणि गेट_प्रीव्हियस_बाय अशी तयार फंक्शनं मिळतात, आणि ती सारख्या तारखांची बरोबरी प्रायमरी कीने स्वतःच फोडतात. पण ती डिफॉल्ट मॅनेजर वापरतात, त्यामुळे कच्चे लेखही शेजारी म्हणून येतील. स्थितीची अट आपण द्यायची. शेजारी नसेल तर रिकामं काही मिळत नाही, डझनॉटएक्झिस्ट हा अपवाद उडतो, तो झेलायचा.

ड्रुपलच्या गाभ्यात असं तयार काही नाही. एंटिटी क्वेरी लिहून प्रकार, स्थिती आणि क्रिएटेडची अट घालायची, ऑर कंडिशन गटाने बरोबरी फोडायची, रेंजने एकच उचलायचा. ॲक्सेसचेक स्पष्ट लिहावा लागतो. ड्रुपल 10 मध्ये तो नसेल तर क्वेरी चालतच नाही.

ह्युगो आणि जेकिल पानं आधीच बनवून ठेवतात, त्यामुळे कॅशेची कटकट नाही. ह्युगोत वेट दिलेलं असेल तर ते तारखेच्या आधी धरलं जातं, म्हणजे आमच्या 10, 20, 30 ची सोय तिथे आयतीच आहे. दिशा मात्र प्रत्यक्ष पाहून घ्या, नेक्स्ट म्हणजे नवा की जुना यावर माणसं हमखास गोंधळतात. सगळ्या साइटचे शेजारी एकदम काढून ठेवायचे असतील तर मायएसक्यूएल 8.0 पासून असलेली लॅग आणि लीड ही फंक्शनं एकाच क्वेरीत प्रत्येक ओळीची मागची-पुढची ओळ देतात.

दुव्यावर काय लिहायचं

‘पुढचा’ हा शब्द दोन तोंडांचा आहे. मुखपृष्ठावर नवे लेख वर, म्हणून तिथे ‘पुढे’ म्हणजे जुन्याकडे. लेखाखाली ‘पुढचा’ म्हणजे नवा. नुसता बाण दाखवून वाचकाला काही समजत नाही. मी आता दुव्यावर लेखाचं शीर्षकच छापतो आणि वर बारीक अक्षरात यंदाची तारीख. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन वापरणाऱ्यांनाही हेच सोयीचं, नाहीतर त्यांना प्रत्येक पानावर नुसतं ‘पुढे, दुवा’ ऐकू येतं. दुवा बनवताना साठवलेला पत्ता वापरू नका, आयडीवरून त्या क्षणी काढा. स्लग, म्हणजे पत्त्यातलं लेखाचं नाव, बदलत असतं.

राहता राहिली रांगेची टोकं. डिसेंबरच्या शेवटच्या लेखानंतर काय दाखवायचं? उत्सवांचं वर्ष गोल आहे, तेव्हा पुढचा मिळाला नाही तर सर्वांत लहान क्रमांकाचा लेख द्यायचा आणि पहिल्याच्या मागे सर्वांत मोठ्या क्रमांकाचा, असं मी केलं. बातम्यांना हे शोभणार नाही, जत्रांना शोभतं. चालून पाहायची स्क्रिप्टही टिकली, कारण भेटलेला आयडी पुन्हा दिसला की ती थांबते.

मास्तरांना तशी अट कुणी सांगितली नव्हती. महिनाभराने पुन्हा फोन.

‘‘फुडें फुडें वचत रावल्यार हें सोंपनाच मरे!’’

आता वर्षाच्या सांध्यावर दुव्याच्या वर ‘वर्षाची सुरुवात पुन्हा इथून’ अशी एक ओळ दिसते.